विमान जमीन सोडते तेव्हा त्याचा वेग नेमका किती असतो?

क्षितिजपार (धागाकर्ता)

प्रवासी विमान किती वेगाला जमीन सोडते असे विचारले, की ‘ताशी २४० ते २९० किलोमीटर’ असे ठरावीक उत्तर मिळते. हे उत्तर चूक नाही. आजची बहुतेक मध्यम आणि मोठी जेट विमाने खरोखरच या पट्ट्यात येतात. मात्र त्याने कुतूहल भागत नाही. चार आसनांचे सेस्ना १७२ ताशी १०० किलोमीटरच्या आसपास नाक उचलते, ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाला जवळपास ४०० गाठावे लागत, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर राइट बंधूंच्या विमानाने जे पहिले उड्डाण केले, त्यात ते १२ सेकंदांत ३६ मीटरांहून थोडेच अधिक अंतर कापू शकले; म्हणजे जमिनीवरून मोजला तर त्याचा वेग ताशी जेमतेम ११ किलोमीटर भरतो. एवढ्या वेगाने माणूस आरामात पळतो.

राइट बंधूंचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण सगळी गोम त्यातच आहे. त्या दिवशी समोरून ताशी ३० ते ४० किलोमीटरचा बोचरा वारा वाहत होता. पंखाला जमीन दिसत नाही. त्याला फक्त आपल्यावरून वाहणारी हवा कळते. त्यामुळे उड्डाणाचा वेग म्हणून जो आकडा सांगितला जातो तो हवेच्या सापेक्ष असतो, धावपट्टीच्या सापेक्ष नव्हे. वारा शांत असेल तर दोन्ही आकडे समुद्रसपाटीला जवळपास सारखेच येतात, म्हणून हा भेद एरवी लक्षात येत नाही.

आता मूळ हिशेब. पंखाला मिळणारी उचल चार गोष्टींच्या गुणाकारातून येते : हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, पंखाचा आकार व हवेशी असलेला त्याचा कोन यांवर ठरणारा गुणांक, आणि वेगाचा वर्ग. ही उचल विमानाच्या वजनाइतकी झाली की चाके जमीन सोडतात. वेग वर्गाच्या रूपाने येत असल्यामुळे वजन ४४ टक्क्यांनी वाढले तरी लागणारा वेग केवळ २० टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच एकूण वजनापेक्षा पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन पडते, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. सेस्ना १७२ मध्ये हा पंखभार साधारण ७० किलो आहे, तर कमाल वजनाच्या, म्हणजे ७९ टनांच्या, बोइंग ७३७-८०० मध्ये तो ६३० किलोच्या घरात जातो. प्रमाण नऊपट, त्याचे वर्गमूळ तीन. सेस्नाचे १०० गुणिले तीन म्हणजे ३००. प्रत्यक्षात ७३७ ताशी २८० किलोमीटरच्या जवळपास उचलले जाते, कारण त्याचे फ्लॅप आणि स्लॅट (पंखाच्या अनुक्रमे मागच्या व पुढच्या कडेला असलेले, उघडता येणारे भाग) पंखाचा गुणांक वाढवून उरलेली कसर भरून काढतात. इतक्या ढोबळ गणिताने उत्तर एवढे जवळ यावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

याच हिशेबाने एअरबस ए-३८० चे कोडे सुटते. ते ५७५ टनांपर्यंत वजन घेऊन उडते, म्हणजे ७३७ च्या सातपटीहून अधिक; पण त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ ८४५ चौरस मीटर असल्यामुळे पंखभार ६८० किलोच राहतो, आणि उड्डाणाचा वेगही ७३७ च्याच पट्ट्यात राहतो. कॉन्कॉर्डची गोष्ट उलटी होती. त्याचा पंखभार ७३७ पेक्षा कमी होता, तरीही वेग कितीतरी जास्त लागे. त्याचा त्रिकोणी पंख ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेला होता, त्याला फ्लॅप नव्हते, स्लॅट नव्हते, आणि कमी वेगात उचल मिळवण्यासाठी नाक खूप वर करण्यावाचून त्याला पर्याय नव्हता.

जाणकारांनी भर घालावी, विशेषतः वैमानिक प्रत्यक्षात कोणता आकडा पाहून निर्णय घेतात याविषयी.

वातकुक्कुट

धागा आवडला. वाऱ्याच्या मुद्द्याला थोडे आकडे जोडतो. समजा, विमानाला हवेच्या सापेक्ष १४० नॉट हवे आहेत (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर). समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १२० नॉट झाला तरी पुरतो, आणि धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते. उलट मागून १० नॉटचा वारा आला तर जमिनीवर १५० नॉट गाठावे लागतात आणि अंतर सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. धावपट्ट्या त्या भागातील नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेने आखतात आणि वारा फिरला की विमाने दुसऱ्या टोकाकडून सोडतात, त्याचे कारण हेच. अनेक प्रवासी विमानांना मागचा वारा १० नॉटपर्यंतच चालतो.

नियमकर्त्यांची सावधगिरी मात्र दाद देण्यासारखी आहे. उड्डाणाचे अंतर काढताना समोरच्या वाऱ्याचा फक्त अर्धा फायदा धरायचा आणि मागच्या वाऱ्याचा तोटा दीडपट धरायचा, असा दंडक आहे. वारा कधी पडेल किंवा उसळेल याचा भरवसा नसतो, आणि चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी.

जिज्ञासू

उत्तम माहिती. माझे दोन प्रश्न आहेत. वजनाप्रमाणे वेग बदलतो, तर मग वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने हिशेब करतात का? आणि ठरावीक वेग झाला की विमान आपोआप उचलले जाते, की वैमानिकाला ते उचलावे लागते?

कोनमापक

जिज्ञासू, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिल्याचे उत्तर सोपे होईल.

नाकाखाली चाक असलेले विमान धावपट्टीवर जवळजवळ आडवे धावते. त्या स्थितीत पंखाचा हवेशी असलेला कोन लहान असतो आणि उचलही तोकडी असते. वैमानिक दांडा मागे ओढून नाक वर करतो, कोन वाढतो आणि त्याबरोबर उचल वाढते. मोठ्या जेटमध्ये नाक सेकंदाला सुमारे तीन अंश या संथ गतीने वर नेतात, त्यामुळे नाक उचलायला सुरुवात झाल्यापासून चाके सुटेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात वेग आणखी वाढलेला असतो. म्हणजे नाक उचलण्याचा वेग वेगळा आणि प्रत्यक्ष जमीन सोडण्याचा वेग वेगळा. बातम्यांमध्ये या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. घाईने किंवा फार लवकर नाक उचलले तर शेपूट धावपट्टीला घासते. ७३७-८०० मध्ये चाके जमिनीवर असताना कोन ११ अंशांच्या आसपास गेला की शेपूट टेकते, म्हणजे हाताशी फारशी मोकळीक नाही.

आता पहिला प्रश्न. होय, प्रत्येक उड्डाणासाठी आकडे नव्याने काढले जातात. वजन, धावपट्टीची लांबी व उतार, ती कोरडी आहे की ओली, तापमान, हवेचा दाब, वारा आणि फ्लॅपची स्थिती हे सारे विचारात घेऊन तीन वेग ठरवतात.

पहिला ‘व्ही-वन’. हा निर्णयाचा वेग. उड्डाण रद्द करायचे असेल तर थांबण्याची पहिली कृती या वेगापर्यंत सुरू झालेली असली पाहिजे. त्यानंतर एखादे इंजिन बंद पडले तरी उडायचेच असते, कारण उरलेल्या धावपट्टीत थांबण्याची हमी राहिलेली नसते. पुष्कळ वैमानिक ‘व्ही-वन’ची घोषणा होताच थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतात, तो यासाठीच. दुसरा ‘व्ही-आर’, म्हणजे नाक उचलण्याचा वेग. तिसरा ‘व्ही-टू’ : एक इंजिन बंद पडलेले असतानाही धावपट्टीपासून ३५ फूट उंचीवर पोहोचेपर्यंत हा वेग गाठता आला पाहिजे आणि त्यावर सुरक्षित चढता आले पाहिजे. पंखावरचा प्रवाह तुटून उचल कोसळते त्या, म्हणजे स्टॉलच्या, वेगापेक्षा तो पुरेशा फरकाने जास्त ठेवलेला असतो.

यांतला ‘व्ही-वन’ हा मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्याचा उचलीशी थेट संबंधच नाही. तो पूर्णपणे ब्रेक, इंजिन आणि उरलेले अंतर यांचा हिशेब आहे. धावपट्टी ओली असेल तर ब्रेकची पकड कमी होते म्हणून ‘व्ही-वन’ खाली आणतात. विमान तेच, वजन तेच, ‘व्ही-आर’ही तोच राहू शकतो, पण निर्णयाची वेळ आधी येते.

आणखी एक घोषणा वाटेत होते. बोइंगमध्ये साधारण ८० नॉटला आणि एअरबसमध्ये १०० नॉटला एक वैमानिक वेग मोठ्याने सांगतो आणि दुसरा आपल्या वेगदर्शकावर तोच आकडा आहे ना, हे पडताळतो. त्या वेगाच्या आत किरकोळ बिघाडासाठीही थांबता येते. त्यापुढे आग, इंजिन बंद पडणे किंवा विमान उडूच शकणार नाही अशी शंका, अशा गंभीर कारणांसाठीच थांबायचे असते. प्रचंड वेगात जड विमान थांबवणे हे स्वतःच धोक्याचे काम आहे.

निळावंत

एक जुना वाद इथेही विचारून घेतो. विमान एका प्रचंड सरकत्या पट्ट्यावर उभे केले आणि विमान जितक्या वेगाने पुढे जाऊ पाहील तितक्याच वेगाने पट्टा मागे सरकवला, तर विमान उडेल का? हवेचा वेगच महत्त्वाचा असेल, तर एका जागी उभ्या विमानाच्या पंखावरून हवा वाहणार कशी?

कोनमापक

उडेल, कारण ते एका जागी उभे राहणारच नाही. मोटारगाडी चाकांनी रस्ता मागे ढकलून पुढे जाते. विमानाची चाके नुसती मोकळी फिरतात आणि पुढे नेण्याचे काम इंजिन हवेला मागे ढकलून करते. पट्टा मागे सरकला तर चाके दुप्पट वेगाने फिरतील, घर्षण किंचित वाढेल, आणि विमान नेहमीच्याच हवेच्या वेगाला नेहमीच्याच अंतरात जमीन सोडेल. पट्टा कसा चालतो याची अशक्यप्राय व्याख्या करून हा वाद अनंत काळ लांबवता येतो, पण त्यात विमानाविषयी नवे काही कळत नाही.

वातकुक्कुट

हवेच्या घनतेकडे अजून कोणी वळले नाही. बोलिव्हियातील एल आल्तो विमानतळ समुद्रसपाटीपासून ४,०६१ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या विमानाला प्रत्यक्ष वेग सुमारे २२ टक्के जास्त लागतो. समुद्रसपाटीला ताशी २५० किलोमीटर पुरत असतील तर तिथे ३०० च्या पुढे जावे लागते. त्यात इंजिनाचा जोरही विरळ हवेत कमी होतो; म्हणजे गाठायचा वेग जास्त आणि तो गाठून देणारी ताकद कमी, असा दुहेरी फटका बसतो. तिथली धावपट्टी चार किलोमीटर लांब आहे, ती उगाच नाही.

गंमत म्हणजे वैमानिकाच्या वेगदर्शकावर हा फरक दिसत नाही. पिटॉट नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते, आणि तो दाबही घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, अगदी उचलीसारखाच. म्हणून दर्शकावर दिसणारा उड्डाणाचा आकडा समुद्रकाठी आणि डोंगरमाथ्यावर सारखाच राहतो. जमीन मात्र डोंगरावर कितीतरी वेगाने मागे पळत असते. हा वेग कोणाला सोसावा लागतो, तर टायरांना. जेट विमानांच्या टायरांना वेगमर्यादा असते. अनेक प्रकारांत ती ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास आहे. उंच विमानतळावर, मागून वारा असताना, कधी कधी ही मर्यादाच आडवी येते आणि वजन कमी करावे लागते.

उष्णतेचा परिणाम त्या मानाने सौम्य आहे. १५ अंशांऐवजी ४० अंश सेल्सिअस असेल तर घनता सुमारे आठ टक्क्यांनी घटते आणि वेग चार टक्क्यांनी वाढतो. तरीही जून २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे पारा ४८ अंशांच्या आसपास जाणार म्हणून लहान प्रादेशिक जेट विमानांची अनेक उड्डाणे रद्द झाली, कारण त्या विमानांची अधिकृत तापमानमर्यादाच तिथे संपत होती. मोठ्या विमानांची मर्यादा जास्त असल्याने ती त्याच दिवशी उडत राहिली.

रेखांश

वैमानिक हिशेब करतात हे ठीक, पण हिशेबात चुकीचा आकडा शिरला तर? संगणक काही वजन करून पाहत नाही.

कोनमापक

रेखांश, तुमची शंका रास्त आहे, आणि तिची उदाहरणे दुर्दैवाने आहेत. मार्च २००३ मध्ये ऑकलंड येथे एका बोइंग ७४७-४०० च्या हिशेबात वजन १०० टनांनी कमी धरले गेले. त्यामुळे नाक उचलण्याचा वेग १६३ नॉट असायला हवा तिथे १३० नॉट निघाला. वैमानिकांनी त्या वेगाला नाक उचलले. विमान उडेना, शेपूट धावपट्टीवर घासत गेली, आणि अखेर वेग पुरेसा झाल्यावर विमान वर गेले. ते सुखरूप परत उतरले. मार्च २००९ मध्ये मेलबर्नला एअरबस ए-३४०-५०० बाबत जवळजवळ तेच घडले : ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन, फक्त पहिला अंक चुकलेला. तिथे वेगाबरोबर इंजिनाचा जोरही त्या हलक्या वजनाप्रमाणे कमी ठेवला होता, त्यामुळे धावपट्टी संपली तरी विमान पुरते वर गेले नव्हते. वैमानिकांनी शेवटच्या क्षणी पूर्ण जोर लावला म्हणून अनर्थ टळला.

कमी जोर लावण्याची ही पद्धत वाचून दचकू नये. विमान हलके आणि धावपट्टी लांब असेल तर इंजिनाची झीज वाचावी म्हणून पूर्ण जोर न लावता उडणे हा रोजचा प्रघात आहे आणि योग्य आकड्यांवर तो सुरक्षितच असतो. अडचण एवढीच, की धावपट्टीवरून धावताना विमान हळू वेग घेत असेल तर ते मुद्दाम कमी ठेवलेल्या जोरामुळे की चुकलेल्या हिशेबामुळे, हे केवळ बसल्या जागी जाणवण्यातून ओळखणे कठीण होते.

याहून भीषण प्रकार फ्लॅपचा. १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइट येथे आणि २० ऑगस्ट २००८ ला माद्रिद येथे एमडी-८२ जातीची विमाने फ्लॅप व स्लॅट न उघडता धावली. दोन्ही वेळा या चुकीचा इशारा देणारी यंत्रणा वाजली नाही. वेगाचे आकडे उघड्या फ्लॅपसाठी काढलेले होते आणि पंख मात्र गुळगुळीत होता, म्हणजे त्याला कितीतरी अधिक वेगाची गरज होती. विमाने जमीन सोडू शकली, पण चढू शकली नाहीत. माद्रिदला १५४ जणांचे प्राण गेले. ‘किती वेग लागतो’ या प्रश्नाला ‘कोणत्या पंखाला’ ही पुरवणी किती आवश्यक आहे, हे यावरून कळावे.

निळावंत

पट्ट्याचा मुद्दा पटला. आता विमानवाहू जहाजांचे सांगा. तिथे तर धावायला जागाच नसते.

क्षितिजपार (धागाकर्ता)

तिथे वर सांगितलेले सगळे नियम एकत्र वापरलेले दिसतात. जहाज स्वतः वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जोरात निघते. जहाजाचा वेग ३० नॉटच्या आसपास आणि त्यात समोरचा वारा धरला, तर विमान डेकवर स्थिर उभे असतानाच त्याच्या पंखावरून ताशी ५५ किलोमीटर किंवा अधिक वेगाने हवा वाहू लागते. १८ एप्रिल १९४२ ला अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ जहाजावरून १६ बी-२५ बॉम्बफेकी विमाने जपानकडे निघाली, तेव्हा पहिल्या विमानापुढे १५० मीटरांपेक्षाही कमी डेक होता. जमिनीवरच्या धावपट्ट्यांसाठी बनवलेले ते जड विमान वादळी वाऱ्यात तोंड घालून चाललेल्या जहाजामुळेच उडू शकले.

पुढे वाफेवर चालणारे कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणारी यंत्रे, आले. ते विमानाला सुमारे दोन सेकंदांत ताशी २६० किलोमीटरच्या आसपास नेतात. भारताच्या ‘विक्रांत’वर कॅटापल्ट नाही, तिथे डेकचे पुढचे टोक वर वळवलेले आहे. त्या उतारावरून मिग-२९के बाहेर पडते तेव्हा त्याची उचल वजनाइतकी झालेलीच नसते. ते वरच्या दिशेने फेकले गेलेले असते, आणि पाण्याकडे झुकू लागण्याआधी मिळणाऱ्या थोड्या सेकंदांत इंजिन त्याचा वेग पुरेसा वाढवते. म्हणजे इथे विमान उड्डाणाच्या वेगाच्या खालीच जहाज सोडते.

जिज्ञासू

मग जमिनीवर गरजेपेक्षा अधिक वेगाने उडणे नेहमीच अधिक सुरक्षित, असे म्हणता येईल का? आणि एखादे विमान कमीत कमी किती वेगाला उचलले जाऊ शकते, हे शोधतात तरी कसे?

कोनमापक

नेहमीच नाही. धावपट्टी लांब असेल आणि पुढे डोंगर असेल, तर मुद्दाम जास्त ‘व्ही-आर’ आणि ‘व्ही-टू’ घेतात, कारण थोड्या जास्त वेगाला विमान अधिक तिरके चढू शकते. पण त्यासाठी धावपट्टीचे अंतर खर्च होते, टायरांवर ताण येतो आणि थांबायची पाळी आली तर ब्रेकना वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अधिक ऊर्जा पचवावी लागते. आखूड धावपट्टीवर हा व्यवहार परवडत नाही.

कमीत कमी वेग शोधण्याची चाचणी मात्र पाहण्यासारखी असते. नव्या विमानाच्या शेपटीखाली संरक्षक पट्टी बसवतात, चाचणी वैमानिक नेहमीपेक्षा खूप आधी नाक शक्य तितके वर करतात आणि शेपूट धावपट्टीवर घासत, ठिणग्या उडवत विमान तसेच धावत राहते. मग कधीतरी चाके सुटतात. तो आकडा नोंदवतात, आणि प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानाचा ‘व्ही-आर’ असा ठरवतात, की ते जमीन सोडेल तेव्हा त्याचा वेग त्या आकड्यापेक्षा सर्व इंजिने चालू असताना सर्वसाधारणपणे किमान १० टक्के आणि एक बंद असताना ५ टक्के तरी जास्त असेल.